शशिधरनं लावलेलं कुलूप

आमच्या बोर्डिंगात कुठलीबी नवी वस्तू नारळ फुटल्याशिवाय चालू होत न्हाय. थंड पाण्याची मशीन आली, ती भर मे महिन्यात सतरा दिवस प्लास्टिकात गुंडाळून उभी, का तर पाहुण्यांची तारीख मिळंना. सॅनिटरी पॅडची मशीन आली, ती दोन महिने तशीच. तिच्यासमोर नारळ फोडाय कुणाला बोलवायचं ह्यावर मीटिंगा झाल्या, आणि तवर पोरी मेडिकलात चकरा मारत होत्या. शेवटी एका दुपारी मीच प्लास्टिक फाडलं आणि मशीन चालू केली. त्यावरनं मला मेमो आला. तो मेमो मी कपाटाच्या दाराला आतनं चिकटवून ठेवलाय.

मी संयोगिता. ह्या पोरींच्या बोर्डिंगची रेक्टर, चोवीस वर्षं. माझं तोंड लई वाईट हाय असं सगळा स्टाफ म्हणतो, आणि ते काय खोटं न्हाय. दूधवाल्यापासनं संचालकांपर्यंत मी कुणाला सोडलेलं न्हाय. पण हे सांगणं माझ्याबद्दल न्हाय, शशिधरबद्दल हाय. निदान मी सुरुवात तरी तशीच करतेय.

शशिधर आमचा कॉम्प्युटरवाला. कागदावर 'संगणक ऑपरेटर, कंत्राटी'. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसवायचं आणि परत नवी ऑर्डर द्यायची, असं गेली अकरा वर्षं. घर मूळचं चिकोडीकडचं. बाप अण्णासो शिवाजी पेठेत सायकल दुरुस्तीचं खोपटं टाकून बसला आणि हितलाच झाला. बाप गेल्यावर शशिधर आणि त्याची आई शांतव्वा, दोघंच दोन खोल्यांत. कपाळाला विभूती, डब्यात जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाची चटणी, शर्टाच्या खिशात एक बारकी वही. त्या वहीत तो मोडलेल्या वस्तू लिहून ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावरचा पंखा, मेसचा वजनकाटा, माझ्या ऑफिसातल्या ट्यूबलाईटची पट्टी. ह्यातलं एकबी काम त्याचं नव्हतं. कुणी सांगायची वाट न बघता करायचा आणि वहीत रेघ मारायचा.

बोलायचं तर असलं हळू की समोरच्यानं कान पुढं करावा. मला त्याचा राग यायचा. अरे, कोल्हापूरचा हाईस का न्हाईस तू, जरा दणकून बोल की, असं मी त्याला शंभरदा म्हटलं असंल. मग एकदा पेठेतल्या संघाची फुटबॉलची मॅच होती, माझा भाचा मला घेऊन गेलता, तर वरच्या पायरीवर हा उभा. शर्टाची दोन बटणं तुटलेली, आणि रेफ्रीला असल्या शिव्या देतोय की माझ्यासारखीनं कानावर हात ठेवावा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तर आवाज पार बसलेला. मी म्हटलं, "कळलं मला तुझं तोंड कुठं खर्च होतंय ते." तो लाजून हसला आणि प्रिंटरचा कागद सरळ करत बसला.

ह्या वर्षी त्याला कायम करायचं ठरलं होतं. जुलैच्या मीटिंगला ठराव, आणि ऑर्डर टाईप होऊन अध्यक्षांच्या टेबलावर. ती ऑर्डर मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. कायम नोकरी न्हाय म्हणून त्याची सोयरीक दोनदा मोडलेली. तिसरं स्थळ जयसिंगपूरचं होतं, त्यांनी सांगितलतं, ऑर्डर हातात पडू दे, मग सुपारी फोडू. शांतव्वानं त्या ऑर्डरीसाठी सोमवार धरले होते. एवढं एक काम सुरळीत व्हावं, बाकी देवाकडं तिचं काही मागणं नव्हतं.

आता जूनचं सांगते.

बोर्डिंगचा प्रवेश आमच्याकडं वेबसाईटवरच होतो, दहा जून ते तीस जून. कागदी अर्ज घ्यायचा न्हाय असा संचालक मंडळाचा ठराव हाय, का तर कागदी अर्जात वशिला चालतो. म्हणजे वशिला करणारे पण हेच, आणि ठराव करणारे पण हेच. तर त्या वेबसाईटला एक सुरक्षा सर्टिफिकेट लागतं. ते असलं की मोबाईलात वरच्या बाजूला बारकं कुलूप दिसतं. म्हणजे तुम्ही जे काय भरताय ते मधेच कुणाला वाचता येत न्हाय, आणि ही वेबसाईट खरी हाय, कुणा चोराची न्हाय, अशी हमी. वर्षाची मुदत असती. मुदत संपली की पान उघडायच्या आधी मोबाईल लाल तिकोन दाखवतो आणि सांगतो, हितं धोका हाय, माघारी जा.

आमच्या जुन्या सर्टिफिकेटची मुदत वीस जूनला संपत होती. शशिधरनं आठ जूनलाच नवं मागवून, तपासून तयार ठेवलतं. टाकायला दहा मिन्टं. पण पद्धतीचा माणूस, म्हणून विचाराय गेला अध्यक्षांकडं. अध्यक्ष उदयसिंह, त्यांना सगळे दादा म्हणत्यात. दादांनी 'नवं सर्टिफिकेट' एवढे दोनच शब्द ऐकले आणि खुर्चीत सरळ बसले.

"सव्वीस तारखेला शाहू जयंतीचा कार्यक्रम हाय," दादा म्हणले. "त्यात घेऊ की. 'सुरक्षित संकेतस्थळाचे उद्घाटन'. पाहुण्यांच्या हातनं बटण दाबायचं, मागं पडद्यावर कुलूप दिसलं पायजे. पेपरात फोटो येईल."

"दादा, जुनं वीसलाच संपतंय," शशिधर म्हणला. "मधले सहा दिवस वेबसाईट लाल दिसंल. प्रवेशाचे दिवस हायत."

"सहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? नारळ फुटल्याशिवाय चालू करायचं न्हाय."

आणि वरनं, हे काम राजवर्धन करंल असं ठरलं. राजवर्धन म्हणजे दादांचा पुतण्या, पुण्यात कसला तरी कोर्स करून आलेला. शशिधरनं फायली पेनड्राईव्हवर द्यायच्या आणि कार्यक्रमाला माईक बघायचा. हे मला शशिधरनं सांगितलं तेव्हा मी निघालतेच दादांच्या केबिनकडं. त्यानं दारात हात जोडले. "बाई, नको. जुलैत मीटिंग हाय." मी माघारी आले. तेव्हाच गेले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

वीस तारीख उजाडली आणि वेबसाईट लाल झाली. माझा फोन सकाळपासनं वाजाय लागला. आजऱ्याकडनं, राधानगरीकडनं, कागलकडनं. "बाई, ते फसवणुकीचं हाय काय?" "बाई, तुमची साईट चोरांनी नेली म्हणं." गावोगाव आता लोकांना एवढं पढवलंय की लाल दिसलं की हात लावू नका, आणि लोकबी शहाणी झाल्यात. त्यांची काय चूक? मी शशिधरला म्हटलं, "अरे, त्यात खाली बारीक अक्षरात 'तरी पुढं जा' असं येतंय की. सांगूया पोरींना, तेवढं दाबा आणि फॉर्म भरा."

तो पहिल्यांदा माझ्याशी जरा आवाज चढवून बोलला. "न्हाय बाई. पोरींनी त्यात आधार नंबर टाकायचा, फोटो टाकायचा, घरचा पत्ता टाकायचा. आज आपण सांगायचं, धोका हाय म्हणलं तरी पुढं जा. उद्या खरा चोर असलंच पान दाखवंल, पोरी तिथंबी पुढं जातील. मी न्हाय सांगणार." मग खिशातली वही काढून त्यानं काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. मला त्याचं पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

सव्वीसला कार्यक्रम झाला. फेटे, शाली, हलगी, सगळं. एक रिटायर्ड साहेब पाहुणे होते, त्यांना सर्टिफिकेट कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण अर्धा तास बोलले. राजवर्धननं लॅपटॉप पुढं केला, पाहुण्यांनी बोट दाबलं, पडद्यावर कुलूप आलं. टाळ्या. नारळ फुटला, त्याचं पाणी लॅपटॉपवर उडालं तेवढं राजवर्धननं आपल्या फेट्याच्या शेमल्यानं पुसलं. शशिधर स्टेजच्या मागं माईकची वायर धरून बसलता, कारण ती धरली न्हाय तर खरखर यायची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यात शशिधरचा कोपर आलता.

आणि तरी फोन थांबंनात. सव्वीसला दुपारी तेच, सत्तावीसला सकाळी तेच. बाई, लाल येतंय. मी म्हटलं, अहो, काल तर कुलूप लावलं, नारळ फोडला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघितलं तर कुलूप. माझ्या मोबाईलवर बघितलं तर लाल. मी फोन शशिधरपुढं आपटला. त्यानं दोन मिन्टं खाली-वर केलं आणि डोक्याला हात लावला.

त्यानं मला जसं समजावलं तसं सांगते. दाखल्यावर तलाठ्याची सही हाय, पण परगावचा साहेब त्या तलाठ्याला वळखत न्हाय. तो फक्त जिल्ह्याचा शिक्का वळखतो. मग मधे एक कागद लावावा लागतो, की हा तलाठी आमचाच हाय म्हणून. सर्टिफिकेटाचं तसंच. दोन फायली होत्या, एक आपली आणि एक मधली, आणि दोन्ही एकाखाली एक जोडून टाकायच्या होत्या. शशिधरनं पेनड्राईव्हबरोबर चिठ्ठी दिलती तशी. राजवर्धननं एकच टाकली. कॉम्प्युटर शहाणा, तो मधला कागद आपला आपण कुठनं तरी शोधून आणतो. दादांचा तो भारीतला फोनबी आणतो. गावाकडच्या पोरींच्या हातातले मोबाईल आणत न्हाईत. म्हणजे ज्यांना बोर्डिंग लागत न्हाय त्यांना कुलूप दिसत होतं, आणि जिला लागतंय तिला लाल.

"मग टाक की ती दुसरी फाईल," मी म्हटलं.

"राजवर्धन सरांनी सर्व्हरचा पासवर्ड बदललाय. सुरक्षेसाठी म्हणून."

फोन लावला राजवर्धनला. तो मित्रांबरोबर गोव्याला. म्हणला, तुझ्या मोबाईलमध्ये प्रॉब्लेम असंल, बंद करून चालू कर. परत लावला तर उचललाच न्हाय. मग शशिधर दादांकडं गेला, ह्या वेळी मी पण बरोबर. दादांनी खिशातला फोन काढला, वेबसाईट उघडली आणि आमच्या नाकापुढं धरली.

"हे काय हाय? कुलूप हाय का न्हाय?"

"हाय दादा, पण पोरींच्या मोबाईलवर..."

"पेपरात छापून आलंय शशिधर. आता चालंना म्हणून सांगायचं का लोकांना? राजवर्धन सोमवारी येतोय, तो बघंल. तुझी ऑर्डर हितं माझ्या टेबलावर हाय. चार दिवस गप बस." आणि त्यांनी खरंच बोटानं ती फाईल दाखवली. सोमवार म्हणजे तीस तारीख, शेवटचा दिवस.

मी तोंड उघडलं. शशिधरनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. जिन्यावरनं उतरताना मी त्याला म्हटलं, "तुझ्यापायी मी मुकी झालेय." 

शनिवारी अठ्ठावीसला कोडोलीचा जोतीराम म्हणून एक माणूस पोरीला घेऊन थेट बोर्डिंगात आला. पोरगी तेजस्वी, बारावीला शाळेत पहिली. जोतीराम दूध डेअरीवर कामाला, सुट्टी टाकून आलेला. दारातनंच बोलाय लागला.

"बाई, पोरीनं तीन दिवस केलं, लाल येतंय. मी म्हटलं डोळ्यानं बघून येऊ. तुमची बोर्डिंग तरी खरी हाय का?"

चोवीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर मी त्याला गेटपर्यंत सोडून आले असते. पण त्याचं काय चुकलं होतं? मी दोघांना आत घेतलं. शशिधरनं पोरीला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म भरून घेतला. फोटो काढला तो पण त्यानंच, भिंतीला पांढरा कागद चिकटवून. फॉर्म गेला. तेजस्वीनं सुटकेचा श्वास टाकला आणि बोलून गेली, "आमच्या वर्गातल्या अजून चौघींना भरायचा होता. त्यांच्या घरचे म्हणले, नको, साईट चोरांची हाय. आता गावातच ऱ्हा."

शशिधर कीबोर्डवरनं हात काढून बसला. मग त्यानं आकडे बघितले. दर वर्षी ह्या तारखेला अडीचशेच्या वर अर्ज असत्यात. वीस तारखेपर्यंत एकशे दोन आलते. त्याच्यानंतर आठ दिवसांत, तेजस्वीचा सोडला तर, नऊ. नऊच्या नऊ शहराजवळच्या पोरी, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर हाय.

जोतीराम आणि पोरगी गेल्यावर तो माझ्याकडं वळला. "बाई, होस्टिंगच्या, म्हंजे वेबसाईट जिथं ठेवलीय त्या खात्याला मोबाईल नंबर माझाच हाय. सुरुवातीला मीच काढलतं खातं. माझ्या नंबरवर ओटीपी येईल, पासवर्ड नवा करता येईल, फाईल जोडता येईल. दहा मिन्टाचं काम हाय." मग थांबला. "पण दादांनी गप बस म्हणलंय."

तो मला विचारत होता. मी ते नीट सांगते, म्हणजे पुढं कुणाला शंका नको. त्याला सगळं येत होतं, त्याला फक्त कुणीतरी पाठीशी पायजे होतं. आणि मी म्हटलं, "कर. मी सांगतेय म्हणून कर. दादांनी विचारलं तर माझं नाव सांग. बघून घेते मी त्यांच्याकडं."

"नक्की बाई?"

"अरे, संयोगिता बोलतेय. कर."

त्यानं केलं. दुपारी सव्वाबारा वाजले होते, मेसमध्ये ताटं वाजत होती. ओटीपी आला, त्यानं खटाखट काहीतरी टाईप केलं, दोन्ही फायली जोडल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. मग माझा मोबाईल मागितला. मी उघडून बघितलं तर कुलूप. ना पाहुणे, ना हलगी, ना नारळ. त्यानं नवा पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवून वर सही केली आणि ऑफिसात आवक नंबर टाकून ठेवलं, अध्यक्षांसाठी. असला माणूस. चोरी करणारा कधी आवक नंबर टाकतो काय?

मग आम्ही दोघांनी फोन करायला घेतले. ज्यांचे ज्यांचे फोन आलते त्या सगळ्यांना. साईट सुरू झाली, कुलूप बघा आणि मग भरा. रविवार असून तो दिवसभर ऑफिसात बसलता. तीस तारखेला पाच वाजता मुदत संपली तेव्हा त्या दोन-अडीच दिवसांत एकशे सत्तावन्न अर्ज आलेले होते. त्यात कोडोलीच्या चौघी होत्या. शशिधरनं वहीत रेघ मारली.

राजवर्धन सोमवारी न्हाय, मंगळवारी आला. त्याचा पासवर्ड चालंना. झालं. 'हॅक झालं, हॅक झालं' म्हणून त्यानं सगळी इमारत डोक्यावर घेतली. आवकचं पाकीट दादांच्या टेबलावर पडलेलंच होतं, ते फोडलं, शशिधरची सही दिसली. आता खरी गोष्ट मान्य करायची म्हणजे काय मान्य करायचं? की शाहू जयंतीला लावलेलं कुलूप लागलंच नव्हतं. की पुतण्याला एक फाईल जोडता आली न्हाय. पेपरातला फोटो फ्रेम करून केबिनमध्ये लावलेला होता. तो काढण्यापेक्षा शशिधरला काढणं सोपं.

चार जुलैला चौकशी. केबिनमध्ये दादा, राजवर्धन, दोन संचालक. शशिधरला आधी बोलावलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं, रेक्टरबाईंनी. मग मला बोलावलं.

केबिनच्या बाहेर दादा मला आडवे आले. हसून बोलले, त्यांना तसं बोलता येतं. "बाई, तुमचं दीड वर्ष ऱ्हायलंय न्हवं? क्वार्टर हाय, ग्रॅच्युइटी हाय. सन्मानानं जायाला पायजे माणसानं. त्या आधीच्या मेमोचंबी मी काय मनावर घेतलं न्हाय. पोरगा काहीबाही बोलतोय, तुमचं नाव घेतोय. तुम्ही तसं सांगितलं नसणार, मला म्हाईत हाय." एवढंच. धमकी कुठं दिली? कुठंच न्हाय.

मी आत गेले. शशिधर उभा होता, त्याला बस म्हणलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा सैल झाला, आली बाई, आता बघून घेतील, असा. एका संचालकानं विचारलं, "मॅडम, सर्व्हरमध्ये शिरायला तुम्ही ह्याला सांगितलं होतं का?"

आणि मी म्हणाले, "नाही. मी असं काही सांगितलेलं नाही."

अगदी पुस्तकातल्यासारखं बोलले. जन्मात मी 'नाही' असं म्हणलेली न्हाय, न्हाय म्हणते मी. त्या दिवशी बरोबर जमलं.

शशिधर भांडला न्हाय, बाई असं काय करताय म्हणून विचारलं न्हाय. दादांनी लिहून घेतलं, 'वरिष्ठांचे नाव खोटेपणाने गोवले.' म्हणजे आधी फक्त पासवर्ड होता, माझ्यामुळं वर खोटारडेपणा आला. ऑर्डर फाटली. त्याच दिवशी नोटीस बोर्डाला अडीच ओळींचा कागद लागला, 'संगणक प्रणालीत अनधिकृत हस्तक्षेप'. जयसिंगपूरच्या माणसांना तो कागद कुणी पाठवला देव जाणे, पण आठवड्यात त्यांचा फोन आला, आमचं दुसरीकडं जमतंय म्हणून.

मी तुम्हाला सांगते, मी राजवर्धनवर चिडले, दादांवर चिडले, त्या दोन संचालकांवर चिडले. मेसमध्ये भाकरी करणारीवर चिडले, पोरींवर विनाकारण खेकसले. पंधरा दिवस बोर्डिंगात कुणी माझ्यापुढं उभं ऱ्हाईना. सगळे म्हणायचे, शशिधरचं लई लागलंय बाईंना. त्या केबिनमध्ये मी काय बोलले ते बाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. शशिधरनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस मी त्याच्या घरी गेले. कशाला गेले ते मला आजबी सांगता येत न्हाय. माफी मागाय म्हणावं तर तोंडात शब्द नव्हते. शांतव्वानं दार उघडलं, आणि मला बघून तिचे डोळे भरून आले. "बर्री, बाई, बर्री," असं कानडीतनं या-या म्हणत माझा हात धरून तिनं मला आत नेऊन खाटेवर बसवलं. आणि खाली बसून माझ्या पायाला हात लावला. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई.

"शशी सांगितलाय मला सगळं," ती म्हणाली. "सगळी एका बाजूला झाली, एकटी बाई भांडली म्हणं माझ्या लेकरासाठी. नोकरी गेली तर जाऊ दे. पण तुमी पाठीशी उभी ऱ्हायली, ते मी मरूपर्यंत विसरत न्हाय."

शशिधर आतल्या खोलीच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. हळू आवाजात, नेहमीच्याच, म्हणला, "अव्वा, बाईंना चहा ठेव."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाल्यावर मी म्हटलं, "शशिधर, तू तिला असं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तिनं जेवण सोडलं असतं," तो म्हणला. "तिला वाटाय लागलं असतं, मीच कायतरी केलं असणार. दादा काय, मोठी माणसं, ती तसलीच असत्यात. पण रेक्टरबाई खोटं कशाला बोलतील, असं म्हणली असती ती."

मी खाटेवरनं उठाय लागले.

"चहा घ्या आणि जावा," तो म्हणला. "परत येऊ नका, बाई. तुम्ही आला की ती पाया पडणार, आणि ते मला बघवत न्हाय."

शांतव्वानं चहा आणला. बरोबर बशीत चार खोबऱ्याच्या वड्या. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती, आवडल्या का म्हणून. मी चारीच्या चारी खाल्ल्या आणि म्हटलं, आवडल्या.